देशातून एकच गाणं पाठवायचं, तर ते ठरवायचं कुणी?

नीरफणस
१९ मे २०२५, सकाळी ११:४०

शनिवारी रात्री घरातले सगळे झोपल्यावर हेडफोन लावून युट्यूबवर युरोव्हिजनची फायनल बघितली. आपल्याकडे ती साडेबाराला सुरू होते, संपेपर्यंत साडेचार वाजून गेले. खाली दूधवाल्याची सायकल वाजली तेव्हा मी अजून गुणांची बेरीज करत बसले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला सात देशांनी सुरू केलेली ही गाण्याची स्पर्धा. यंदा बासेलला ३७ देश होते. प्रत्येकाने एकच गाणं पाठवायचं. गाणं नवं हवं, तीन मिनिटांच्या वर जायचं नाही, स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं आणि मुख्य गायकाने तिथल्या तिथे गायचं. देशाने पाठवायचं म्हणजे सरकारने नव्हे. तिथली सार्वजनिक वाहिनी पाठवते, आपल्या दूरदर्शनसारखी.

मला खरी मजा येते ती त्याआधीच्या भानगडीत. अख्ख्या देशातून एकच गाणं जाणार, तर ते निवडतं कोण? इटलीत सान रेमोचा महोत्सव जो जिंकेल त्याला आधी विचारतात. यंदा जिंकलेल्या ओलीने नको म्हटलं, मग दुसरा आलेला लुचो कोर्सी गेला आणि पाचवा आला. स्वीडनमध्ये सहा शनिवार देशभर मतदान चालतं. ऑस्ट्रियाच्या वाहिनीने मतदानबितदान काही केलं नाही, जेजे नावाचा ऑपेरातला मुलगा स्वतःच निवडला आणि पाठवला. तोच जिंकला!

आपल्यावर अशी वेळ आली तर? जनतेने मतं द्यायची, जाणकारांनी ठरवायचं, की कुणीतरी एकाने बंद खोलीत? आणि भाषा कुठली?

---

झणझणीत
१९ मे, ११:५२

दूरदर्शनवर सोपवलं तर गाणं तीन मिनिटांचं आणि त्याआधी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ पाऊण तासाचं. तेवढ्यात युरोप झोपून जाईल.

---

रिकामटेकडा
१९ मे, दु. १२:१०

पण भारत त्यात जाऊच शकत नाही ना? नाव युरोव्हिजन आहे.

---

फलाट_क्र_४
१९ मे, १२:३८

@रिकामटेकडा, नावावर जाऊ नका. ती स्पर्धा युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाची आहे, युरोप खंडाची नाही. मोरोक्को १९८० मध्ये एकदा येऊन गेला. ऑस्ट्रेलियाला २०१५ मध्ये पाहुणा म्हणून बोलावलं आणि पुढच्याच वर्षी त्यांची दामी इम दुसरी आली. पाहुणा अजून घरातच आहे.

आशियातल्या प्रसारण संस्थांच्या संघाचाही एक गाण्याचा महोत्सव आहे, २०१२ मध्ये सोलला सुरू झाला. पण त्यात स्पर्धा नाही. सगळ्यांनी गायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं. म्हणून कुणाला माहीत नाही.

---

अण्णा_दादरकर
१९ मे, १:१५

गाणं ही काय कुस्ती आहे? मतं मोजून गाणं निवडायची खोड आपल्याला एसएमएसने लावली. २००९ च्या फेब्रुवारीत सारेगमप लिटिल चॅम्प्सची महाअंतिम फेरी झाली. आमच्या मजल्यावर आर्या की कार्तिकी यावरून समोरासमोरच्या दोन घरांत हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती. कार्तिकी जिंकली तेव्हा एका घरात पेढे आणि दुसऱ्या घरात टीव्हीच बंद. मुलं बिचारी सगळी गोड गायची. मोठ्यांना काय झालं होतं कोण जाणे.

माझं मत: तीन जाणकार बसवा, त्यांनी ठरवावं, विषय संपला.

---

नीरफणस
१९ मे, १:२२

अण्णा, ते तीन जाणकार कोण हे ठरवायला मतदान घ्यावं लागेल.

---

गोठलेली_कोथिंबीर
१९ मे, दु. ४:०५

स्वीडनचा उल्लेख झाला म्हणून लॉगिन केलं. नऊ वर्षं गोथेनबर्गला आहे. मूळची चेंबूरची.

इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर अंधार, रस्त्यावर बर्फ आणि करायला काहीच नाही. त्या दिवसांत सहा शनिवार 'मेलो' असतं, म्हणजे मेलोडीफेस्टिव्हालेन. दर आठवड्याला वेगळ्या गावात. शनिवारी मुलांना खाऊ मिळायची इथे पद्धत आहे, त्यामुळे मुलं गोळ्यांची पुडी उघडून सोफ्यावर आणि हातात फोन. अ‍ॅपवर हृदयाचं चित्र असतं, गाणं चालू असताना ते दाबत राहायचं, फुकट. माझी धाकटी प्रत्येक गाण्याला दाबते. म्हणते, सगळे छान गातात, कुणाला वाईट वाटायला नको.

पण त्यामागची आखणी बघा. २०१९ पासून अ‍ॅपवरच्या मतांचे वयाप्रमाणे सात गट केलेत. तीन ते नऊच्या पोरांचा एक गट, पंचाहत्तरीच्या वरच्यांचा एक, आणि प्रत्येक गटाला सारखंच वजन. त्यामुळे सोळा वर्षांच्या पोरींनी कितीही अंगठे झिजवले तरी एकट्या त्या निकाल फिरवू शकत नाहीत. अंतिम फेरीत अर्धं वजन जनतेला आणि अर्धं परदेशी परीक्षकांना. परदेशी! म्हणजे घरच्यांना काय आवडतं आणि बाहेरच्यांना काय पटतं, दोन्ही घरीच तपासून घेतात. लग्नाच्या साड्या घेताना शेजारणीला बरोबर नेतात ना, तसं.

आता गंमत. यंदा मोन्स सेल्मेरलेव उभा होता, ज्याने २०१५ मध्ये स्वीडनला युरोव्हिजन जिंकून दिलं होतं. परीक्षकांचा कल त्याच्याकडे. आणि लोकांनी निवडलं काय, तर सौनाचं, म्हणजे वाफेने घाम काढायच्या गरम खोलीचं गाणं! गाणारे तिघे फिनलंडमधले, तिथल्या स्वीडिश बोलणाऱ्या भागातले. गावाकडच्या बोलीत गातात, स्टेजवर लाकडी सौना मांडून टॉवेलवर नाचतात. १९९८ नंतर पहिल्यांदा स्वीडनने स्वीडिश गाणं पाठवलं. सट्टेवाल्यांच्या यादीत ते पहिलं होतं, आलं चौथं. ऑफिसात सोमवारी सुतक.

म्हणजे एवढी काटेकोर पद्धत असूनही शेवटी माणसांनी मनाला येईल तेच केलं. मला ते आवडलं.

---

झणझणीत
१९ मे, ४:२०

आपल्याकडे सौनाच्या तोडीचं म्हणजे मे महिन्यातली विरार फास्ट. सहा माणसांची मर्यादा तेवढी पाळता येणार नाही.

---

रिकामटेकडा
१९ मे, ४:२३

फुटलो.

---

तिहाई
१९ मे, रात्री ९:५०

स्टुडिओतून आत्ता घरी आलो. पंचवीस वर्षं साथीला वाजवतोय, थोडं अरेंजिंग करतो. दोन मुद्दे.

पहिला वाद्यांचा. १९९८ पर्यंत तिथे वाद्यवृंद असायचा आणि प्रत्येक देश आपला कंडक्टर घेऊन जायचा. १९९९ पासून सगळं आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर. स्टेजवर दिसणारी गिटार, ड्रम, व्हायोलिन यांचा त्या क्षणी आवाज येत नसतो, नुसता अभिनय. २०२१ पासून मागचे कोरसचे आवाजसुद्धा ट्रॅकवर चालतात. तेव्हा लावणी पाठवा म्हणणाऱ्यांनी (अजून कुणी म्हटलं नाही, पण म्हणणारच) लक्षात घ्यावं की ढोलकीवाला तिथे नुसते हात हलवेल. लावणीत ढोलकी बाईच्या पायाकडे बघून वाजते. बाई थबकली की ढोलकी थबकते. ट्रॅकला डोळे नसतात.

दुसरा तीन मिनिटांचा. एवढ्याशा वेळात काय गाणार, असं लोक म्हणतात. अहो, ग्रामोफोनच्या जुन्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटंच मावायची. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी राग उभे केले आणि आपलं भावगीत तर त्याच मापात वाढलं. मुखडा, दोन अंतरे, मधले दोन म्युझिकचे तुकडे, बस. तीन मिनिटं म्हटल्यावर आपण घाबरायचं कारणच नाही.

आता निवडीबद्दल, समितीचा अनुभव सांगतो. एका कार्यक्रमाचं शीर्षकगीत करत होतो, कुठला ते सोडा. स्क्रॅच, म्हणजे चाल कळण्यापुरतं कच्चं गायला एक नवी मुलगी आली होती, सर्दी झालेली. गाणं असं लागलं की वादकांनी काचेतून अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवशी ऐकायला आठ जण आले. एक म्हणाला मुखडा लांबतोय, कापला. दुसऱ्याला तबला जुनाट वाटला, खाली ओढला. तिसऱ्याला शब्द जड वाटले. चौथा फोनवर होता, फोन ठेवून म्हणाला थोडं अजून 'खुलं' हवं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचं एक-एक खटकणं काढून टाकलं होतं. जे उरलं ते कुणालाच खटकत नव्हतं आणि कुणाला आठवतही नव्हतं. मुलीचा आवाजही शेवटी बदललाच.

आठ जणांनी मिळून निवडलेलं गाणं असं असतं. एक माणूस निवडेल तर चुकेल, पण चुकलं तरी काहीतरी निवडेल.

---

फलाट_क्र_४
१९ मे, १०:३०

@तिहाई, एका माणसाच्या बाजूने आणि विरोधात एकच पुरावा देतो. ब्रिटनच्या वाहिनीने २०२१ मध्ये स्वतः निवडून गाणं पाठवलं. शून्य. परीक्षकांचं शून्य, प्रेक्षकांचं शून्य. पुढच्या वर्षीही मतदान न घेता स्वतःच निवडलं, तो सॅम रायडर ४६६ गुण घेऊन दुसरा आला. तेव्हा पद्धतीला फार डोक्यावर घेऊ नका.

---

काउंटर_नं_३
२० मे, सकाळी १०:१५

मला आमच्या बँकेतली गोष्ट आठवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

१९९६. अखिल भारतीय आंतरविभागीय समूहगान स्पर्धा, भोपाळला. मुंबई विभागातून एक गाणं. अधिकाऱ्यांचं म्हणणं हिंदी देशभक्तिपर न्यावं, सगळ्यांना समजेल. युनियनचं म्हणणं कोळीगीत, मुंबई म्हणजे कोळी. कॅन्टीनमध्ये मतदान घ्यायचं ठरलं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या. हजर माणसं चौतीस, चिठ्ठ्या निघाल्या एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या, एक्केचाळीसच. साहेब म्हणाले कॅशमध्ये एवढा फरक आला असता तर कुणी घरी गेलं नसतं. तरी कोळीगीत जिंकलं, कारण सात वजा केल्या तरी ते पुढेच होतं.

सुटल्यावर दोन तास तालीम. पंजाब मेलने निघालो, पेटी खालच्या बर्थखाली. इगतपुरीला कुणीतरी तिच्यावर पाण्याचा कूलर ठेवला, तो रात्रभर गळला. भोपाळला पेटी उघडली तर पट्ट्या फुगून चिकटलेल्या. काळी चार दाबली की शेजारची पांढरीही खाली जायची. शेजारच्या विभागाची पेटी मागून आणली, तिचा सूर वेगळा. आमचे गायक दिवसभर हॉटेलच्या गच्चीवर नव्या पट्टीत गात होते.

वेळ पाच मिनिटं. आम्ही टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत प्रवेश करणार होतो. तालमीत गाण्यापासून वेळ मोजत होतो, त्यांनी पडद्यापासून मोजली. दुसऱ्या अंतऱ्याला घंटा. घंटा वाजली की थांबायचं, म्हणून सोळा जण टोपल्या घेऊन जागच्या जागी उभे राहिलो. परीक्षकांपैकी एक बाई नंतर जेवताना भेटल्या, म्हणाल्या, "आप ही का वो मछलीवाला गाना था ना? अच्छा था, अधूरा क्यूँ छोड़ दिया?"

पहिला नंबर कोलकात्याचा. एक शब्द कळला नाही. पण शेवटच्या ओळीला मी स्वतः मांडीवर ताल धरला होता.

---

मंद्र
२० मे, १०:५०

टोपल्या घेऊन उभे राहिलेले सोळा बँकवाले डोळ्यांसमोर आले. ट्रेनमध्ये हसतेय, लोक बघतायत.

भाषेबद्दल: काउंटर ताईंचा शेवटचा परिच्छेद बघा, उत्तर तिथेच आहे. युरोव्हिजनमध्ये १९९९ पासून भाषा मोकळी आहे, आणि बहुतेक देश इंग्रजीकडे गेले. पोर्तुगाल मात्र अडून बसल्यासारखा बहुतेक गाणी पोर्तुगीजमध्येच पाठवत राहिला. १९६४ पासून जात होता, एकदाही जिंकला नव्हता. २०१७ ला साल्वादोर सोब्राल गेला. बहिणीने लिहिलेलं गाणं, संथ, नाच नाही, आतषबाजी नाही, ढगळ कोट. हृदयाचं दुखणं असल्याने तो कीव्हला उशिरा पोचला, सुरुवातीच्या तालमी त्याच्या जागी बहिणीने उभं राहून केल्या. ७५८ गुण. त्याच वर्षाअखेरीस त्याचं हृदय प्रत्यारोपण झालं. ते गाणं ऐकताना मला आपली जुनी भावगीतं आठवतात, आणि मला पोर्तुगीज येत नाही.

---

अण्णा_दादरकर
२० मे, ११:३०

हे मात्र मान्य.

---

ठाकुरद्वार
२० मे, दु. २:००

गाण्यांचं नाही, पण 'देशातून एक' हा प्रकार आपण दरवर्षी करतोच की. ऑस्करला. फिल्म फेडरेशनची समिती एक सिनेमा निवडते आणि दरवर्षी त्यावर भांडण होतं. २००४ ला 'श्वास' गेला होता. 'श्यामची आई'नंतर जवळपास पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं आणि पाठोपाठ हे. निवड झाली तेव्हा आनंद, आणि मग कळलं की निवडणं हा स्वस्तातला भाग आहे. तिकडे जाऊन परीक्षकांना सिनेमा दाखवायचा, जाहिराती करायच्या, याचे पैसे कुठून आणायचे? लोकांनी पदरचे दिले. मी तेव्हा कॉलेजात होतो. गिरगावात आमच्या गल्लीत वर्गणीचं पुस्तक फिरलं, गणपतीचं असतं तसलंच. आमच्या वडिलांनी पन्नास रुपये दिले आणि पावती जपून ठेवली. शेवटच्या पाचांत काही तो आला नाही.

धागाकर्त्या विचारतायत निवडायचं कुणी. मी विचारतो, निवडल्यावर पाठीशी कोण उभं राहणार?

---

गोठलेली_कोथिंबीर
२० मे, ३:१०

@ठाकुरद्वार, अगदी. उलटंही होतं. २०१९ ला युक्रेनच्या निवडफेरीत मारुव नावाची गायिका जिंकली आणि मग वाहिनीने करार पुढे केला: रशियात कार्यक्रम करायचे नाहीत वगैरे. तिने सही केली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांनीही नको म्हटलं. त्या वर्षी युक्रेन गेलाच नाही. निवड झाली, पाठवायला माणूस नाही.

---

रिकामटेकडा
२० मे, ३:४०

आपण एकदा मुंबईचा मुलगा पाठवलाय की! २००७, जकार्ता, एशियन आयडॉल. सहा देशांचे विजेते, आपल्याकडून अभिजीत सावंत. मी आठवीत होतो, वडिलांच्या फोनवरून मत दिलं आणि बिल आल्यावर मार खाल्ला. मत देताना दोन नावं द्यायला लागायची, एकच चालायचं नाही. मी अभिजीतबरोबर सिंगापूरचा दिला, कारण तो बरा वाटला. जिंकला तोच, हादी मिर्झा.

---

तिहाई
२० मे, ४:१५

@रिकामटेकडा, तुला कळतंय का तू काय सांगितलंस? पहिलं नाव प्रत्येकजण आपल्याच माणसाचं देणार. मग ठरवणार ते दुसरं नाव. म्हणजे सगळ्यांच्या घरात दुसरा आवडता असलेला माणूस जिंकणार. गाणं पाठवताना हेच बघायला हवं: शेजाऱ्याच्या यादीत आपण कितवे.

---

फलाट_क्र_४
२० मे, ५:००

याच्या नेमकं विरुद्ध स्पेन. २०२२ ला बेनिडॉर्मला निवडफेरी झाली. लोकांची लाडकी तान्शुगेइरास, तिघीजणी, गॅलिशियन भाषेत गाणाऱ्या, हातात डफलीसारखं वाद्य. लोकांच्या दोन्ही कौलांत त्या पहिल्या. पण निम्मं वजन परीक्षकांकडे होतं आणि त्यांनी शानेलला पुढे काढलं. मग काय, संसदेपर्यंत ओरड. त्या शानेल बाईला लोकांनी इतकं छळलं की ती काही दिवस ट्विटर सोडून गेली. तीच तुरिनच्या युरोव्हिजनला तिसरी आली, १९९५ नंतरचा स्पेनचा सगळ्यात चांगला क्रमांक. शिव्या देणारे विमानतळावर हार घेऊन.

आता सांगा, परीक्षक बरोबर होते का? की त्या तिघी गेल्या असत्या तर पहिल्या आल्या असत्या? हे कधीच कळणार नाही, आणि निवडीतलं दुखणं तेच आहे.

---

झणझणीत
२० मे, ५:१२

आयर्लंडने २००८ ला चक्क एक बाहुला पाठवला होता, टर्की पक्षी, नाव डस्टिन. उपांत्य फेरीतच पडला. आपण अर्धवटराव पाठवू. पाध्यांसकट धरले तरी दोनच माणसं, अजून चार जागा शिल्लक.

---

मंद्र
२० मे, ५:३०

अर्धवटरावांना १२ पैकी १२ गुण. आवडाबाई परीक्षक.

---

ठाकुरद्वार
२० मे, ६:४५

चुकून जिंकलो तर पुढच्या वर्षी आपल्याकडे भरवावं लागेल, हे कुणी लक्षात घेतलं का? कुठे? वरळीचा डोम?

---

झणझणीत
२० मे, ६:५०

नेरूळचं स्टेडियम. फायनल शनिवारी रात्री, संपेपर्यंत हार्बरचा मेगाब्लॉक सुरू. सदतीस देशांचे कलाकार वाशीला रिक्षावाल्यांशी भाव करतायत.

---

फलाट_क्र_४
२० मे, ७:०५

हसू नका. आयर्लंडने १९९३ ला मिलस्ट्रीट नावाच्या खेड्यात भरवलं होतं, वस्ती दीड हजाराच्या आसपास, सभागृह म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचं आच्छादित मैदान. झालं व्यवस्थित.

---

अण्णा_दादरकर
२० मे, ७:३०

घोड्यांच्या शर्यती नव्हेत, घोडेस्वारीच्या स्पर्धा. महालक्ष्मी आणि ते वेगळं.

---

फलाट_क्र_४
२० मे, ७:३४

बरोबर अण्णा, दुरुस्ती मान्य.

---

काउंटर_नं_३
२१ मे, सकाळी ९:२०

मला वाटतं आपण देशाच्या आधी राज्याराज्यांत करून बघावं. प्रत्येक राज्याचं एक गाणं.

---

गोठलेली_कोथिंबीर
२१ मे, दु. १२:४०

अमेरिकेने २०२२ मध्ये केलं, राज्यं आणि इतर प्रदेश मिळून ५६ गाणी. ओक्लाहोमा जिंकलं आणि एका हंगामात गुंडाळलं. तिथे कुणाला राज्यासाठी गाणं हा प्रकार पोटातून वाटला नसावा. आपल्याकडे उलट, एवढं पोटातून वाटेल की निकालाच्या दिवशी बंदोबस्त लागेल.

नीरफणस, एक विचारू? तू परवापासून 'ठरवायचं कुणी' एवढंच धरून बसली आहेस. मध्ये दोनदा येऊन फक्त पद्धतीबद्दल मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलास. हे खरंच युरोपबद्दल आहे का?

---

नीरफणस
२१ मे, १:०५

पकडलंस.

आमच्या विभागातल्या अकरा सोसायट्यांची समूहगान स्पर्धा आहे, जूनच्या पहिल्या रविवारी. सोसायटीमागे एक गाणं. ए विंगला नाट्यगीत हवंय, त्यांच्याकडे गळे आहेत. बी विंगच्या मुलांनी स्वतः चाल लावून पावसावर गाणं केलंय, त्यात कळशी वाजवतात. ग्रुपवर अकरा दिवस भांडण चालू आहे. सेक्रेटरी ग्रुप सोडून गेले, त्यांना पुन्हा घेतलं, ते पुन्हा गेले. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आहे, का घेतला मला माहीत नाही.

कोथिंबीरचं वाचून काल एक केलं. बाहेरचे परीक्षक आणले. इस्त्रीवाले भय्या, केळीवाल्या मावशी, समोरच्या इमारतीतले मेहता काका-काकू, आमचा रात्रीचा वॉचमन आणि कुरिअरचा मुलगा, जो पार्सल द्यायला आला होता आणि अडकला. पार्किंगमध्ये सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन्ही गाणी फोनवर ऐकवली, कुठलं कुणाचं ते न सांगता. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. भय्यांनी नाट्यगीत दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. कुरिअरवाला कळशी कुठली, पितळेची की स्टीलची, विचारत होता.

तीन-तीन.

---

झणझणीत
२१ मे, १:०७

हाहाहाहा

---

फलाट_क्र_४
२१ मे, १:२०

१९६९! स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स चौघांना सारखे गुण आणि बरोबरी सोडवायचा नियमच नव्हता. चौघेही विजेते. पुढच्या वर्षी कितीतरी देश रुसून आलेच नाहीत.

---

नीरफणस
२१ मे, १:२४

आमच्याकडेही नियम नाही. आणि आज रात्री आठपर्यंत नाव द्यायचंय. सांगा लवकर.

---

तिहाई
२१ मे, २:३०

दोन्ही गाणी मला पाठव, ऐकून सांगतो. पण कळशी असेल तर माझं मत आधीच झालंय असं समज.

---

अण्णा_दादरकर
२१ मे, ३:००

नाट्यगीत. विचारायचं काय त्यात.

---

काउंटर_नं_३
२१ मे, ३:२५

काहीही पाठव, पण वेळ पडद्यापासून मोजतात का ते आधी विचार. आणि पेटीवर पाण्याचं काही ठेवू देऊ नकोस.

---

फलाट_क्र_४
२१ मे, ४:१०

युरोव्हिजनचा आताचा नियम: बरोबरी झाली तर प्रेक्षकांचे गुण ज्याला जास्त तो पुढे. म्हणजे सोसायटीत मतदान घ्यावं लागेल.

---

नीरफणस
२१ मे, ४:१२

मतदान?? ग्रुपवर??

---

नीरफणस
२१ मे, संध्या. ७:५२

नाव दिलं. कुठलं ते इथे विचारू नका. ए विंगमधलं कुणीतरी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतंय असं आत्ताच लिफ्टमध्ये कळलं.